माड, परमिट आणि मीटिंग

श्रीवर्धनमध्ये कुणाचं घर शोधायचं तर घर क्रमांक लागत नाही. आडनाव आणि आळी सांगितली की रस्त्यातलं पोरही फाटकापर्यंत आणून सोडतं, आणि चालता चालता घरात कोण आहे, मुंबईहून कोण आलंय, कुणाचं कुणाशी बोलणं बंद आहे, हेही सांगून टाकतं. भट घराण्यातले पहिले पेशवे बाळाजी विश्वनाथ मूळचे इथले. त्यांच्या घराण्याकडे देशमुखी कशी होती आणि जंजिऱ्याच्या सिद्दीशी बिनसल्यावर त्यांना गाव कसं सोडावं लागलं, ही तीनशे वर्षांपूर्वीची हकिगत इथे शेजारच्या घरातली असल्यासारखी सांगतात. तेव्हा कुणाच्या काकाने सुपारीची वाडी बाटलीपायी कशी घालवली, ही अलीकडची गोष्ट गाव विसरेल ही आशाच नको.

अशा गावातल्या माणसाला दारू सोडायची असेल आणि त्याने ‘अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस’, म्हणजे सगळे म्हणतात ते ‘ए.ए.’, हे नाव ऐकलं असेल, तर त्याच्यापुढे पेच उभा राहतो. ही संघटना चालते ती ओळख उघड न करण्याच्या भरवशावर. श्रीवर्धनात तो भरवसा कोण कुणाला देणार? हा पेच समजून घ्यायचा तर या किनाऱ्यावर दारूचा हिशेब आजवर कुणी कुणी मांडला ते पाहावं लागतं. गेल्या दीडशे वर्षांत दारूवर सरकार बोललं, जातीचे पंच बोलले, नाटककार बोलले, मंत्री बोलले, निरूपणकार बोलले. पिणाऱ्याला बोलायची पाळी आली ती सर्वांत शेवटी.

सुरुवात माडापासून करावी लागते. नारळाची पोय उमलायच्या आत दोरीने आवळून बांधायची, तिचं टोक धारदार कोयत्याने पातळ कापायचं आणि खाली मडकं अडकवायचं, हे भंडाऱ्याचं काम. ते एकदा करून भागत नाही. सकाळ-संध्याकाळ माडावर चढायचं, पोयीचा काप ताजा करायचा, साचलेला रस उतरवायचा. पहाटेच्या गारव्यात उतरवलेला रस गोड असतो. ऊन चढलं की तो आंबू लागतो आणि दुपारपर्यंत त्याची माडी होते. ताडाची ताडी, शिंदीची शिंदी. हातपाय मोडून येईस्तो राबणाऱ्या कोळ्या-आगऱ्यांच्या घरात हे पेय जेवणाइतकंच नेहमीचं होतं, आणि लग्नात, हळदीत, उत्तरकार्यात ते मानाचं होतं. पिऊन झिंगणारे तेव्हाही असणारच. पण माडी टिकत नाही. आज काढलेली आजच संपवावी लागते. साठा करता येत नसल्यामुळे पिण्यालाही आपोआप एक मर्यादा पडत असे.

१८७८ च्या मुंबई अबकारी कायद्याने हे चित्र बदललं. गावोगावच्या लहान भट्ट्या बंद करून दारू मोजक्या मोठ्या कारखान्यांत गाळायची, तिच्यावर कर बसवायचा आणि विक्रीचे मक्ते द्यायचे, असा सरकारचा बेत होता. रस काढण्यासाठी झाडागणिक कर वाढला. माडी महाग झाली की गिऱ्हाईक मोहाच्या गाळीव दारूकडे वळतं, आणि गाळीव दारू मोजून, सील करून, कर लावून विकणं सरकारला सोपं जातं. उरण हे या गाळीव दारूचं मोठं केंद्र होतं. तिथल्या भट्ट्या बहुतेक पारशी मालकांच्या, मोहाची फुलं गुजरातेतून येत आणि तयार दारू मुंबईच्या बाजारात जाई. पुढे १८९२ मध्ये सरकारने मोहाच्या फुलांवरच कायदा केला. ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत ती फुलं बाळगण्यावर बंधनं आली. रानात आपोआप गळणारं फूल घरात ठेवणं हा गुन्हा होऊ शकतो, हे आदिवासींना तेव्हा कळलं.

श्रीवर्धन तेव्हा इंग्रजी मुलखात नव्हतं. ते जंजिऱ्याच्या नवाबाच्या संस्थानात होतं आणि १९४८ पर्यंत तिथेच राहिलं. पण किनारा एक, होड्या त्याच, सोयरीक इकडून तिकडे; त्यामुळे कुलाबा जिल्ह्यात जे घडे त्याची झळ इथवर पोचत असे. जेम्स कॅम्पबेल यांच्या देखरेखीखाली १८८३ मध्ये निघालेल्या गॅझेटिअरमध्येही कुलाबा आणि जंजिरा यांना एकाच खंडात बसवलेलं आहे.

त्यानंतर थोड्याच वर्षांत, १८८६ च्या सुमारास, ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत एक वेगळीच गोष्ट घडली. दारूचे भाव परवडेनात तेव्हा गावांनी आणि जातींनी एकत्र बसून दारू न पिण्याच्या शपथा घेतल्या. पिणाऱ्याला जातीने दंड करायचा, असंही ठरलं. वरवर पाहता ही दारूमुक्तीची चळवळ. पण तिचं मूळ बाजारभावात होतं. सरकारी अधिकाऱ्यांना त्यात नीतीपेक्षा महसूल बुडवण्याचा कट दिसला. गावाने दारू सोडली म्हणून सरकार चिंतेत पडलं, असा हा प्रसंग.

पंचांच्या शपथेची पद्धत पुढेही टिकली. ग्रामदेवतेपुढे नारळ ठेवायचा, हात वर करून ‘आजपासून शिवणार नाही’ म्हणायचं आणि चार माणसांनी साक्षीला राहायचं. अशी शपथ काहींना तारून गेली. ज्याला दारूवाचून हात थरथरत होते त्याची मात्र ती आठवड्यात मोडे, आणि मग दारूच्या जोडीला देवीचा कोप, गावाची छीथू आणि बायकोच्या डोळ्यातला अविश्वास अंगावर येई. जन्माची शपथ एका घोटाने मोडली की पुढचे घोट मोजायचं कारण उरत नाही. साक्षीला बसलेले चौघे त्याच्या जागी कधी नव्हतेच; त्यांना मोडलेली शपथ दिसे, ती का मोडली हे दिसत नसे.

मराठी रंगभूमीवर पिणाऱ्यांची एक सभा भरते, तीही पिण्यासाठीच. राम गणेश गडकरी यांच्या ‘एकच प्याला’ नाटकातल्या तळीरामाचं ‘आर्य मदिरा मंडळ’ हे ते. गडकरी १९१९ च्या जानेवारीत गेले आणि त्याच वर्षी गंधर्व नाटक मंडळीने हे नाटक रंगमंचावर आणलं. दारूच्या आहारी गेलेल्या सुधाकराच्या बायकोच्या, सिंधूच्या, भूमिकेत बालगंधर्वांना पाहून प्रेक्षकांचे रुमाल भिजत. मंडळाच्या बैठका मात्र हसवतात. तिथे ठराव होतात, तात्त्विक चर्चा होतात, एकमेकांना धीर दिला जातो, सगळं पेल्याच्या बाजूने. सुधाकराभोवती पिणाऱ्यांचा हा गोतावळा सदैव हजर आहे; सुटू पाहणाऱ्यांचा गोतावळा नाटकात कुठेच नाही, कारण तो तेव्हा महाराष्ट्रातही कुठे नव्हता. सुधाकराला मित्र रामलालचा उपदेश मिळतो, सिंधूचं सोसणं मिळतं. आपल्यासारखाच पडलेला आणि पुन्हा उभा राहिलेला माणूस मिळत नाही.

मग आली दारूबंदी. बाळासाहेब खेरांच्या मंत्रिमंडळाने १ ऑगस्ट १९३९ रोजी मुंबई शहरात ती लागू केली. मंत्रिमंडळ गेलं, महायुद्ध झालं, आणि स्वातंत्र्यानंतर मुंबई दारूबंदी कायदा १९४९ आला. १९५० च्या एप्रिलपासून संपूर्ण राज्यात बंदी झाली. गृहमंत्री मोरारजी देसाई होते आणि ढिलाई त्यांच्या स्वभावात नव्हती. संस्थान विलीन झाल्यामुळे श्रीवर्धनही आता त्याच कायद्याखाली आलं.

भंडाऱ्याचं मडकं उतरलं आणि खाडीकाठच्या झाडीत हातभट्टी पेटली. काळा गूळ, नवसागर, पत्र्याचा डबा आणि नळी, इतक्या भांडवलावर धंदा उभा राहतो. मुंबईत गिरणगावातल्या चाळींच्या मागे, गल्लीबोळांत गुत्ते निघाले. ‘नवटाक’ आणि ‘पावशेर’ ही मापं वाण्याच्या दुकानातून उठून गुत्त्यात गेली. कोकणातला चाकरमानी या सगळ्याच्या मधोमध होता. आगबोटीने तो मुंबईला जाई, गिरणीत किंवा गोदीत लागे आणि गावाने भाड्याने घेतलेल्या खोलीत दहा-वीस गाववाल्यांबरोबर पथारी टाकी. घर गावाला, पाळी रात्रीची, पगार हातात. गुत्त्यात मिळे ती दारू माडीसारखी नासणारी नव्हती, सौम्यही नव्हती. शिमग्याला आणि गणपतीला तो गावी येई तेव्हा ही सवयही त्याच्या ट्रंकेबरोबर येई.

कायद्यात एक खिडकी होती. प्रकृतीच्या कारणासाठी डॉक्टरचा दाखला दाखवला की पिण्याचा परवाना मिळे. दारूबंदी सैल झाली आणि सत्तरच्या दशकाच्या आरंभी देशी दारूची परवानाधारक दुकानं राजरोस उघडली, तरी परवान्याची कल्पना काही गेली नाही. तो कायदा ‘महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम’ या नावाने आजही पुस्तकात आहे आणि कागदोपत्री आजही पिणाऱ्याला परमिट लागतं. एका दिवसाचं परमिट पाच रुपयांत, देशीचं दोन रुपयांत. ‘परमिट रूम’च्या पाट्या महाराष्ट्रभर दिसतात त्या या इतिहासामुळे.

ए.ए. मुंबईत आली ती या कडक बंदीच्या ऐन मध्यावर, १९५७ साली.

तिचा जन्म अमेरिकेतल्या ओहायो राज्यातल्या ॲक्रन गावचा. न्यूयॉर्कचा शेअर दलाल बिल विल्सन तिथे धंद्याच्या कामासाठी गेला होता. काम फसलं. हॉटेलच्या दालनात एका बाजूला बार होता, दुसऱ्या बाजूला टेलिफोन. दारू सोडून त्याला काही महिनेच झाले होते. त्याने टेलिफोन गाठला, चर्चच्या यादीतले नंबर फिरवत गेला आणि ‘मला दुसऱ्या एखाद्या दारुड्याशी बोलायचंय’ अशी मागणी केली. अशी मागणी कुणी ऐकली नसेल. अखेर १२ मे १९३५ रोजी त्याची गाठ बॉब स्मिथ या शल्यविशारदाशी पडली. डॉक्टरसाहेब पंधरा मिनिटांच्या बोलीवर आले होते. बोलणं रात्रीपर्यंत चाललं. उपदेश ऐकून डॉक्टर कंटाळलेले होते, पण हा पाहुणा उपदेश करत नव्हता. तो स्वतःची हकिगत सांगत होता. १० जून १९३५ हा डॉक्टरांच्या शेवटच्या पेल्याचा दिवस, आणि तोच ए.ए.चा स्थापनादिन.

अशी मंडळी अमेरिकेत आधीही जमली होती. १८४० मध्ये बाल्टिमोरमधल्या सहा पिणाऱ्यांनी ‘वॉशिंग्टनियन’ चळवळ काढली. ती भराभर वाढली, राजकारणात आणि दारूबंदीच्या वादात शिरली आणि काही वर्षांत विरून गेली. ए.ए.ने पुढे स्वतःला घालून घेतलेले बारा नियम, ज्यांना ते ‘परंपरा’ म्हणतात, अशा फसगती टाळण्यासाठीच आहेत. दारूबंदी असावी की नसावी यावर मत द्यायचं नाही. बाहेरची देणगी घ्यायची नाही. कुणाला पुढारी करायचं नाही. वर्तमानपत्रात सभासदाचं पूर्ण नाव-फोटो द्यायचा नाही. सभासद होण्याची अट एकच: दारू थांबवण्याची इच्छा.

आता १९५७ ची मुंबई डोळ्यांपुढे आणावी. परमिटाशिवाय घोट घेणं हा गुन्हा, पोलिसांचे छापे रोजचे. आणि त्या शहरात काही माणसं एका खोलीत बसून एकमेकांना सांगू लागली की आपण किती प्यायलो, कुठे प्यायलो, काय विकून प्यायलो. हे बोलायला निनावीपणाचं कवच हवंच होतं. अमेरिकेत ते मुख्यतः अब्रूसाठी होतं. मुंबईत त्याला कायद्याचीही बाजू होती. सुरुवातीचे गट इंग्रजी बोलणाऱ्यांचे होते. हिंदी-मराठीत मीटिंगा रुजल्या त्या नंतर, चर्चच्या हॉलांतून आणि महापालिकेच्या शाळांतून.

शाळेतल्या अशा मीटिंगला नवा माणूस येतो तेव्हा पहिली अडचण बाकाची. दुसरीतल्या मुलांसाठी केलेल्या बाकात पंचेचाळिशीच्या गृहस्थाचे गुडघे मावत नाहीत. फळ्यावर पाढे तसेच असतात. समोरच्या टेबलावर पुस्तकं, पत्रकं आणि चहाचे कागदी कप. अध्यक्ष असतो, पण त्या दिवसापुरता. थोडं वाचन होतं, मग एकेक जण उठतो, ‘मी अमुक, मी अल्कोहोलिक’ एवढीच ओळख देतो आणि बोलायला लागतो. याला ‘शेअरिंग’ म्हणतात. मध्येच कुणी प्रश्न विचारत नाही, सल्ला देत नाही, ‘तुमचं चुकलं’ म्हणत नाही. एखादा मुलाच्या फीचे पैसे गुत्त्यात कसे गेले ते सांगतो आणि मागच्या बाकावर कुणीतरी खुदकन हसतं. कुचेष्टेने नाही, आपणही तेच केलंय म्हणून. कुणाला दारू सोडून वर्ष झालं असेल तर त्याचा ‘वाढदिवस’ होतो, पदक मिळतं. शेवटी पिशवी फिरते. ज्याला जमेल त्याने टाकावं. नव्याने नाही टाकलं तरी चालतं. खोलीचं भाडं आणि चहा यातूनच भागवायचं.

नव्या माणसाला जन्माची शपथ कुणी मागत नाही. आजचे चोवीस तास पहिला पेला टाळायचा, एवढंच सांगतात. पंचांच्या शपथेच्या हे नेमकं उलट आहे. शपथ मोडली की माणूस बाहेर पडे. इथे घसरलेला माणूस दुसऱ्या दिवशी परत आला तर त्याच्यासाठी बाक सरकवतात. ज्याला दिवसाआड फोन करून बोलावंसं वाटतं त्याला जुना सभासद ‘स्पॉन्सर’ म्हणून मिळतो. घरच्यांसाठी ‘अल-ॲनॉन’ ही वेगळी संघटना १९५१ पासून आहे, कारण पिणारा थांबला तरी त्याच्या वाट पाहण्यात गेलेली बायकोची वर्षं आपोआप भरून येत नाहीत.

इकडे, ए.ए.चं नावही कुणी ऐकलं नव्हतं तेव्हा, दुसरी एक बैठक सुरू झाली होती. अलिबाग तालुक्यातल्या रेवदंड्याच्या नानासाहेब धर्माधिकारी यांनी १९४३ मध्ये दासबोधाच्या निरूपणाच्या बैठका सुरू केल्या. रामदासांनी दासबोध सांगितला ती शिवथरघळ कुलाबा जिल्ह्यातच, महाडजवळ. आठवड्याला ठरल्या दिवशी ठरल्या वेळी बसायचं, समासावरचं निरूपण ऐकायचं आणि निघायचं. आगरी, कोळी, कुणबी वस्त्यांत या बैठका पसरल्या आणि त्यातून अनेक घरांतली दारू सुटली, हे रायगडात कुणालाही विचारलं तरी सांगेल. नानासाहेबांना २००८ चा ‘महाराष्ट्र भूषण’ पुरस्कार जाहीर झाला. त्याच वर्षी जुलैत ते गेले.

बैठक आणि मीटिंग यांत फरक मोठा आहे. बैठकीत निरूपणकार बोलतो, श्रोता ऐकतो. तिथे कुणी उठून आपल्या पिण्याची कहाणी सांगत नाही. मीटिंगमध्ये शिकवणारा कुणी नसतो. पण एक गोष्ट दोन्हीकडे सारखी आहे आणि तीच बहुधा कामाची आहे: गुत्त्यातली संगत सुटलेल्या माणसाला बसायला दुसरी जागा मिळते, आणि आठवड्यातून एकदा त्याची कुणीतरी वाट पाहतं. वारकऱ्यांची तुळशीची माळ हेच काम शतकानुशतकं करत आली. माळकरी झालेल्याला पाजायचा आग्रह कुणी करत नाही. मात्र माळ घातली की मासळीही सुटते, आणि श्रीवर्धनच्या जीवना बंदरावर जाळी ओढणाऱ्या कोळ्याला तो सौदा जड जातो.

महाराष्ट्रात या दोन धाग्यांना उपचाराची जोड मिळाली ती ऐंशीच्या दशकात. १९८१ मध्ये फादर जो परेरा यांनी वांद्र्याला ‘कृपा फाउंडेशन’ सुरू केलं. ते स्वतः दारूच्या विळख्यातून ए.ए.च्या मार्गाने बाहेर आलेले आणि योगाचार्य अय्यंगारांचे शिष्य. दारूतून सावरण्यासाठी ए.ए.ने आखलेल्या बारा पायऱ्या आणि योगासनं त्यांनी एकत्र आणली. पुण्यात अनिल अवचटांची गर्दच्या व्यसनावरची लेखमाला वाचून पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे अस्वस्थ झाले आणि त्यांनी एक लाख रुपये देऊ केले. त्यातून २९ ऑगस्ट १९८६ रोजी येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात ‘मुक्तांगण’ उभं राहिलं. ते चालवलं मनोविकारतज्ज्ञ डॉ. अनिता अवचट यांनी. बरे झालेले रुग्णच तिथे नव्यांचे समुपदेशक झाले. बायकांसाठी ‘सहचरी’ गट निघाला. घरी गेलेल्या माणसाला मोकळं न सोडता त्याच्या गावाजवळ पाठपुराव्याच्या बैठका सुरू झाल्या. उपचार पाच-सहा आठवड्यांचे, पाठपुरावा वर्षानुवर्षांचा.

बायकांनी आणखी एक वाट काढली. गावातल्या निम्म्याहून अधिक महिला मतदारांनी ‘आडवी बाटली’ला मत दिलं की तिथलं दुकान बंद होतं; २००८ च्या शासन आदेशाने या मतदानाची रीत पक्की केली. त्या लढ्यांनी अनेक गावांचं भलं झालं. पण दुकान बंद झालं तरी घरातला पिणारा उरतोच, आणि दुसऱ्या गावची एसटी चालूच असते.

मीटिंगांनी खरोखर काही होतं का, हा प्रश्न डॉक्टरांनी बरीच वर्षं विचारला. २०२० मध्ये ‘कॉक्रेन’ संस्थेने २७ अभ्यास आणि दहा हजारांहून अधिक रुग्ण तपासून उत्तर दिलं: सलग दारूमुक्त राहण्याच्या बाबतीत, ए.ए.शी जोडून देणारे उपचार इतर प्रस्थापित मानसोपचारांच्या तोडीचे, किंबहुना थोडे सरस ठरतात. वर्षाअखेर एकीकडे शंभरातले ४२ जण दारूपासून दूर होते, तर दुसरीकडे ३५. जादू नाही, पण फुकट मिळणाऱ्या गोष्टीसाठी हा आकडा चांगला आहे. शेजारच्या गोव्यात ‘संगाथ’ संस्थेने सरकारी आरोग्य केंद्रांतून, डॉक्टर नसलेल्या प्रशिक्षित समुपदेशकांकडून, मोजक्या भेटींत असंच काम करून दाखवलं आणि त्याचे निष्कर्ष २०१७ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आले. अडचण आहे ती पोचण्याची. केंद्र सरकारसाठी एम्सने २०१९ मध्ये केलेल्या पाहणीनुसार दारूच्या आहारी गेलेल्या ३८ जणांपैकी एकालाच कसला तरी उपचार मिळतो.

एक धोका जुने सभासदही आवर्जून सांगतात. वर्षानुवर्षं रोज पिणाऱ्याने एका दिवसात दारू तोडली तर हातपाय कापतात, भास होतात, फिट येऊ शकते, जीवही जाऊ शकतो. तिथे मीटिंग पुरत नाही, आधी दवाखाना लागतो. श्रीवर्धनला उपजिल्हा रुग्णालय आहे. पहिले काही दिवस डॉक्टरच्या नजरेखाली काढून मग मीटिंगची वाट धरणं शहाणपणाचं.

ती वाट मात्र लांबची आहे. कुलाबा जिल्ह्याचा रायगड झाला तो १ जानेवारी १९८१ रोजी, बॅरिस्टर अंतुले मुख्यमंत्री असताना. श्रीवर्धन हा त्यांचाच मतदारसंघ. रस्ते सुधारले, पर्यटक आले, हरिहरेश्वर-दिवेआगरला लॉज उभे राहिले. तरी माणगावचं रेल्वे स्टेशन पन्नासेक किलोमीटरवर आणि मुंबई दोनशेच्या आसपास. संध्याकाळी सातच्या मीटिंगला जाणाऱ्याला परतीची एसटी मिळेल याची खात्री नसते. मच्छीमाराचा आठवडा तर वाराने चालतच नाही. तो भरती-ओहोटीने आणि मासळीने चालतो. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते तेव्हा त्याच्याकडे वेळच वेळ असतो, आणि पिण्याला तोच काळ सर्वांत सोयीचा.

२०२० च्या मार्चमध्ये टाळेबंदी आली आणि जगभरच्या मीटिंगा झूमवर गेल्या. आडगावच्या माणसाला हा अवचित लाभ होता: आता मराठी मीटिंग वाडीत बसून ऐकता येत होती, कॅमेरा बंद ठेवून, नाव बदलून. श्रीवर्धनच्या वाट्याला तो फार दिवस आला नाही. ३ जूनला निसर्ग चक्रीवादळ याच किनाऱ्यावर धडकलं. माड आणि पोफळी आडव्या झाल्या, छपरं उडाली, वीज आणि मोबाइलचे मनोरे कितीतरी दिवस बंद राहिले. पोफळ लावल्यापासून सुपारी हाती यायला पाच-सात वर्षं जातात. ज्याची बागच गेली त्याला पुन्हा प्यायला कारण शोधावं लागलं नसेल.

वीज परत आली, मीटिंगाही परत सापडल्या. आज श्रीवर्धनच्या माणसाला १४४४६ या सरकारी व्यसनमुक्ती हेल्पलाइनवर किंवा १४४१६ या ‘टेलिमानस’ क्रमांकावर फुकट बोलता येतं. ए.ए.च्या हेल्पलाइनवर फोन केला तर पलीकडे कर्मचारी नसतो, स्वतः दारू सोडलेला सभासदच असतो. तो जवळचा गट, वार आणि वेळ सांगतो. बरेच कोकणी लोक पहिली मीटिंग मुंबईत करणं पसंत करतात. भावाकडे जायचं निमित्त काढायचं, दादर-परळच्या गर्दीत शिरायचं आणि जिथे कुणी ‘तू अमक्याचा ना?’ विचारणार नाही अशा बाकावर बसायचं. जी मुंबई आजोबाला गुत्त्यात घेऊन गेली तिथेच नातू दारू सोडायला जातो. दारू हराम मानणाऱ्या कोकणी मुसलमान घरातल्या माणसाला तर हा आडोसा आणखीच हवा असतो. त्याच्याकडे घरात कबूल करण्यापुरतीही सोय नसते.

गावातच गट काढायचा म्हटलं तर ए.ए.चे नियम आडवे येत नाहीत. दारू सोडू पाहणारे दोन-तीन जण त्यासाठी एकत्र बसले की तो गट धरला जातो. पदाधिकारी, फी, इमारत यांतलं काही लागत नाही. ॲक्रनमध्येही दोघेच होते. व्यवहाराचे प्रश्न मात्र इथे स्वतःचे स्वतः सोडवावे लागतील. खोली देवळाच्या आवारात घेतली तर काही जण येणार नाहीत, मशिदीजवळ घेतली तर दुसरे. ग्रामस्थ मंडळाचा हॉल घेतला तर तासाभरात गावभर होईल. शाळेचा वर्ग सुटीच्या दिवशी मोकळा असतो आणि तिथे कोणी कशासाठी गेलं हे सांगायला शंभर कारणं असतात. वार असा हवा की म्हसळ्याच्या आणि बागमांडल्याच्या माणसालाही येऊन शेवटच्या गाडीने परतता येईल. शेजारच्या तालुक्यातली माणसं एकमेकांच्या गावी गेली तर ओळखीचा प्रश्नही निम्मा सुटतो: म्हसळ्याने श्रीवर्धनला यावं, श्रीवर्धनने म्हसळ्याला जावं. एसटीचं तिकीट त्या सोयीच्या मानाने स्वस्त पडतं.